अंगाला लागत न्हाय

हुपरीच्या बसमधून उतरताना सुवर्णाच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. कोल्हापूरच्या दवाखान्यात तिच्या तान्ह्या सोमेशचं वजन मागच्या पंधरवड्याएवढंच भरलं होतं. तेव्हापासून तिची सासू गंगव्वा एकच पालुपद लावून बसली होती.

"दूध पातळ हाय तुझं. पोराच्या अंगाला लागत न्हाय. उद्यापासनं डब्याचं सुरू करायचं."

दिवसरात्र पाजून पाजून सुवर्णाला भांडायचीही ताकद नव्हती.

घरी सोप्यात सासरे चन्नवीर चांदीचे पैंजण जोडत बसले होते. गंगव्वानं दारातूनच सांगितलं, "वजन वाढंना झालंय ह्याचं."

म्हाताऱ्यानं नातवाला मांडीवर घेतलं. "व्हय? मग ह्याच्या अंगावरचं वाळं, बिंदल्या, करगोटा, समदं आवळाय लागलं म्हणून काल काढून ठेवलंय मी, ते कशापायी?"

"त्याचं आता काय?"

"मागल्या खेपेला पाव किलोवर चांदीसकट तोललासा की त्याला. आज उघडं पोरगं तेवढंच भरलं."

म्हाताऱ्यानं नातू सुवर्णाच्या ओटीत दिला.

"एवढी चांदी सुनंच्या दुधानं भरून काढली, गंगे. आणि तू डबा आणाय निघालीस."