पिवळं पाणी

बहात्तरच्या दुष्काळात लोहाऱ्याकडच्या त्या गावात एकच विहीर उरली होती. पाणी तपासायला आरोग्य खात्याचे नारायणराव दर सोमवारी येत. "पावडर टाकलेल्या पाण्याशिवाय मी दुसरं पीत नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी विहिरीत टाकायची पावडर गावाच्या हवाली करताना सांगितलं होतं.

विहिरीशेजारच्या केशरबाई त्यांच्यापुढं तांब्या ठेवत. दोन घोट पिऊन उरलेलं पाणी ते काचेच्या नळीत ओतत आणि त्यात औषधाचे थेंब टाकत. पाणी पिवळं झालं, म्हणजे विहिरीत जंतू मारायची पावडर पडली. ते दर वेळी पिवळंच होई.

तरीही गावात पटकी शिरली. माळावर मातीचे लहान लहान ढिगारे दिसू लागले.

त्या सोमवारी नारायणराव ते ढिगारे ओलांडून आले. नळीतलं पाणी पुन्हा पिवळंधमक झालं.

"केशरबाई, पाणी तर चांगलं आहे. मग पोरं कशानं जातायत?"

केशरबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

 

"तुमचं पानी येगळं हाय, सायेब. त्या पावडरीचा वास गावाला सोसत न्हाय. तुमाला त्येच लागतंय, म्हनून तुमच्यापुरती एका घागरीत टाकून ठिवतो आमी."