डावरी

नीलाने पोस्टर उलटं केलं आणि खिडकीच्या काचेवर उन्हात धरलं. गिटार मागच्या बाजूने आरपार दिसू लागली. लाल, दोन शिंगांची, परदेशी, नीलाच्या जन्माआधीच्या जमान्यातली.

"हीच पाहिजे," ती म्हणाली. "अगदी अशीच्या अशी. फक्त या बाजूने दिसतेय तशी."

गुणाजी कोलशेतच्या खाडीवर होड्या बांधायचा. इलेक्ट्रिक गिटार त्याने जन्मात हातात धरली नव्हती. पण ठाण्यातल्या फर्निचरवाल्यांनी नीलाला हसून वाटेला लावलं होतं. एक जण तर म्हणाला होता, गिटार कसली बनवतेस, लग्न ठरलं की ये, पलंग बनवून देतो. म्हणून ती इथवर आली होती.

गुणाजीने पोस्टरकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे.

"म्हंजे डावरी काय गो?"

"हो. मी डावरी, म्हणून तीपण डावरी."

गुणाजी हसला. "मना काय! होरीला दोनी बाजू लागतान. एक बाजू वाईट म्हनली तं होरी बुडंल."

नीलाच्या डाव्या हाताच्या मागे सगळेच लागले होते. लिहिणारा हात शाळेत गुरुजींनी पट्टीने हाणून बदलला. जेवणारा हात शेजारणींनी टोकून टोकून बदलला. गिटारपर्यंत पोचायला मात्र लोकांना उशीर झाला. आंबिवलीच्या वस्तीत भीमजयंतीच्या स्टेजवर ती मागून आणलेली उजवी गिटार उलटी धरून वाजवायची. तारा खालच्या वर, बटणं कोपरात रुतायची. लोक टाळ्या वाजवायचे, हात कुठला ते बघायचे नाहीत.

मग डोंबिवलीच्या महिपतने तिला आपल्या ऑर्केस्ट्रात घेतलं. माणूस वाईट नव्हता. तालमीत नीलाचा हात ऐकून त्याने स्वतःच्या गिटारवाल्याला सुट्टी दिली होती. पण गणपती जवळ आले, मंडळांच्या सुपाऱ्या आल्या आणि महिपतला अचानक धर्म आठवला.

"अगं, देवासमोर डाव्या हाताने? आपण डाव्या हाताने प्रसाद तरी घेतो का? उजव्याने वाजव. नाहीतर साडी नेसून कोरसमध्ये उभी राहा."

नीलाने उजव्याने वाजवून पाहिलं. खरंच मनापासून पाहिलं. बोटं दुखली, पण राग त्याहून जास्त आला. दोन कामं या हाताकडून काढून घेतली, तेव्हा ती लहान होती, गप्प बसली. आता तिसरंही द्यायचं? मग हा हात ठेवायचा कशाला? बांगड्या घालायला? दुसऱ्याच दिवशी पोस्टरची गुंडाळी काखेत मारून ती आधी ठाण्यात फिरली आणि मग कोलशेतला गेली.

गुणाजीने होडीतून उरलेलं सागवान काढलं. तारांचा आवाज पकडणारी लोहचुंबकं कल्याणच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने तार गुंडाळून तयार केली. रंगासाठी होडीचाच लाल ऑइलपेंट. नीला रोज कामावरून सुटली की यायची, गिटार मांडीवर घ्यायची, "अजून थोडं घासा" म्हणायची. गुणाजी कुरकुरायचा आणि घासायचा. शेवटी पोस्टर आरशासमोर धरलं, तर आरशातली कुठली आणि मांडीवरची कुठली, सांगता आलं नसतं. नीला तिला छातीशी धरून तिथेच बसून राहिली. आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू तिच्या हाताची झाली होती.

डोंबिवलीच्या मंडपात स्टेज मूर्तीच्या बरोब्बर समोर होतं. मूर्ती घरोघरी असते तशीच, फक्त उंच. महिपतने रिवाजाप्रमाणे नारळ फोडला, हात जोडले आणि सोंडेपासून पायापर्यंत देवाला डोळे भरून पाहून घेतलं. मग स्टेजवर चढून माइक हातात घेतला. नीलाजवळची लाल गिटार पाहून त्याची कळी खुलली.

"इम्पोर्टेड? कुठून मिळवलीस गं?"

नीलाने पट्टा खांद्यावर चढवला. महिपतचा चेहरा उतरला.

"अगं ए, उलटी घातलीस."

"सुलटीच आहे. नीट बघा."

महिपतने नीट पाहिलं. जाडी तार वर, बटणं खाली. सगळं जागच्या जागी आणि सगळं डावं.

"म्हणजे मुद्दाम बनवून घेतलीस? तुला सांगितलं होतं ना, देवासमोर डावा हात चालत नाही! वाजवायचं तर हात बदल, नाहीतर उतर खाली!"

हातातला माइक चालू आहे, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याचं बोलणं अख्ख्या मंडपाने ऐकलं. पहिल्या रांगेत मंडळाचे अध्यक्ष ताठ झाले. मागे बायकांची कुजबुज थांबली. सगळे नीलाकडे बघत होते. उतरली, तर हा ऑर्केस्ट्रा संपला, आणि डोंबिवलीत दुसरा कुणी तिला घेणार नव्हता. हात बदलला, तर सगळंच संपलं.

तिने वाकून गिटारची वायर खोचली. स्पीकर घुमला. मग ती महिपतच्या हातातल्या माइकपाशी गेली आणि समोरच्या मूर्तीकडे बोट दाखवलं. बोटही डाव्याच हाताचं.

"काका, तुमचा देव डाव्या सोंडेचा आहे. आधी त्याची सोंड उजवीकडे वळवा. मग मी हात बदलते."