पुढचं दार

बाहेर रस्त्यावर खुर्ची खरडल्याचा आवाज आला. नॉर्माने तो बसल्या जागी ओळखला.

"आला बघ," ती म्हणाली.

शेजारची जॅनिस शवपेटीच्या पलीकडे बसली होती. नॉर्माच्या नवऱ्याला, क्लिफर्डला, काल संध्याकाळी घरी आणलं होतं, आणि दोघी रात्रभर त्याच्याजवळ बसून होत्या. दहा वाजता त्याला न्यायचं होतं. आता कुठे सात वाजत होते.

खुर्ची स्वयंपाकघरातली. जागा अडवायला नॉर्मा ती रोज सकाळी दारासमोर रस्त्यावर मांडायची. स्वतःची गाडी विकून सहा वर्षं झाली होती, पण आपल्या दारासमोरची जागा आपलीच, असा तिचा हेका. स्टेशन हाकेच्या अंतरावर. टेकडीवर स्वस्तातली नवी घरं झाल्यापासून तिथली माणसं दुसऱ्यांच्या दारात गाड्या लावायची आणि लीड्सची आगगाडी पकडायची. त्यातला हा पांढऱ्या गाडीवाला सगळ्यांत निर्ढावलेला. उतरायचा, खुर्ची उचलून फुटपाथवर टाकायचा आणि चालू पडायचा. वर्षभर हे भांडण चालू होतं, पण दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलली नव्हती.

"अगं, आज तरी जाऊन सांग त्याला," जॅनिस म्हणाली.

"मी कशाला सांगू? डोळे फुटलेत का त्याचे? गल्लीतले पडदे बघ म्हणावं."

कोणी गेलं की पेटी निघेपर्यंत गल्लीत एकही पडदा उघडत नसे. आजही या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे बंद होते.

"सकाळी सातला सगळ्या जगाचे पडदे बंद असतात, नॉर्मा."

हे खरं होतं, म्हणूनच झोंबलं. नॉर्मा आणखीच ताठ झाली. "मी पडदा हलवणार नाही आणि दारही उघडणार नाही. ते आज उघडेल ते क्लिफसाठी."

रोजची ये-जा मागच्या दाराने. पुढचं दार लग्नाला उघडायचं, नाहीतर मयताला. क्लिफर्डने मरताना एकच मागणं मागितलं होतं: पुढच्या दारातून बाहेर, तीन पावलं, आणि सरळ गाडीत. "माझा तमाशा करू नका गल्लीत," तो म्हणाला होता. नॉर्माने शब्द दिला होता.

शेवटी जॅनिसच उठली. ती मागच्या अंगणातून, कोपऱ्याला वळसा घालून पुढे पोहोचेपर्यंत तो स्टेशनात शिरला होता.

दहाला काळी गाडी आली आणि रस्त्याच्या मधोमध थांबली. कडेच्या गाड्या एकमेकींना नाक लावून उभ्या होत्या. पेटी जायची कुठून, मांजरसुद्धा गेलं नसतं. काळ्या कोटातला अंत्यविधीवाला कानकोंडा होऊन म्हणाला, "कोपऱ्यापर्यंत खांद्यावर न्यावं लागेल, बाई."

कोपरा तीस घरं लांब. त्यात कचऱ्याचा वार, फुटपाथवर दारोदार डबे. खांदेकरी म्हणजे क्लिफर्डच्या कबुतरांच्या क्लबातले सहा जण, त्यांतला सगळ्यांत तरुण एकाहत्तरचा. उंबऱ्यातच त्यांचे पाय लटपटत होते.

"वरून घ्या," नॉर्मा म्हणाली.

"वरून? कुठून वरून?"

"याच्या गाडीवरून. तिघं पलीकडे जा आणि धरा."

पेटी बॉनेटवर टेकली मात्र, गाडी बोंबलायला लागली. ती बंद करायची किल्ली लीड्सला. जन्मात कधी आवाज न चढवलेला क्लिफर्ड त्या किंचाळण्यात गल्लीतून निघाला. बायकांनी कानांवर हात ठेवले. नॉर्माने ठेवले नाहीत. तिने सगळं ऐकून घेतलं.

संध्याकाळी सहाला, मयतानंतरचा चहा-हॅम उरकून मंडळी पांगल्यावर, पुढचं दार वाजलं. तिने उघडलं. तिशीतला माणूस, गळ्यात ऑफिसचा बिल्ला.

"माझ्या बॉनेटवर एवढा मोठा ओरखडा कोणी पाडला?"

"क्लिफर्डने."

"कोण क्लिफर्ड?"

"माझा नवरा."

"मग बोलवा त्याला बाहेर!"

"सकाळीच गेला तो बाहेर," नॉर्मा म्हणाली. "याच दारातून. तुझी गाडी आडवी होती, म्हणून तिच्यावरून गेला."

त्याने तिचे काळे कपडे पाहिले. मग मागे वळून समोरच्या घरांकडे पाहिलं. तिथले पडदे आता सताड उघडे होते आणि प्रत्येक खिडकीत कोणी ना कोणी उभं होतं.

"मला वाटलं, लोक झोपलेत," तो पुटपुटला. "एका शब्दाने सांगितलं असतं तरी…"

हेच जॅनिसनेही सांगितलं होतं. नॉर्माला शरम वाटली, आणि शरम वाटली म्हणून त्याचा दुप्पट राग आला.

"हे दार तुझ्यासाठी नाही. बोलायचं असेल तर मागून ये."

तिने दार लावून घेतलं आणि मागच्या दाराची कडी काढून ठेवली. अर्धा तास वाट पाहिली. तो आला नाही. बसायला गेली तर टेबलापाशी खुर्ची नव्हती. ती अजून बाहेरच होती.

ती पुढे गेली. पांढरी गाडी निघून गेली होती. मोकळ्या जागेच्या अगदी मधोमध त्याने खुर्ची नीट मांडून ठेवली होती, तिच्या दाराकडे तोंड करून.

"आता ठेवतोस होय रे, मेल्या!" ती रिकाम्या रस्त्यावर ओरडली.

खुर्ची उचलायला ती वाकली, पण उचलली नाही. तिच्यावर बसली. कोपऱ्यावरून एक गाडी जागा शोधत हळूहळू आली आणि समोर थांबली. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

नॉर्मा उठली नाही.