सातवं फुलपाखरू

दिवेलागणीला गच्चीवरच्या बागेतली कंपनीची सहा फुलपाखरं गोळा करून चार्जिंगला लावायची, हे कुमुदताईंचं रोजचंच काम. आज कंबर भरून आली होती, त्यात हाताला सातवं लागलं. काळं, पंख फाटलेलं. तासभर ठेवूनही चार्ज होईना.

"अहो, हे बिघडलंय. दुरुस्तीच्या डब्यात टाका," त्या कंटाळून म्हणाल्या. दिगंबररावांनी टाकलं आणि झाकण घट्ट लावलं.

सकाळी कढीपत्ता तोडताना पानांवर खसखशीएवढी पिवळसर अंडी दिसली. अशी त्यांनी लहानपणी शेवटची पाहिली होती. त्यांनी डबा उघडला. फुलपाखरू हललं नाही. बोटांना काळी पूड तेवढी लागली.

"कढीपत्ता आणतेस ना?" दिगंबररावांनी आतून विचारलं.

"आजपासून फोडणीत कढीपत्ता नाही," त्या पायरीवर बसत म्हणाल्या.