टोपीवरचा डाग

शिवांजलीनं द्राक्षाच्या छाटणीतल्या काड्यांचा कोळसा करून जाळीच्या डबीत भरला आणि ती वडिलांच्या जुन्या मोटरसायकलच्या सायलेन्सरला बसवली. कुपवाडच्या गॅरेजात सगळे हसले. "चुलीतलं जळण गाडीत घालून कुठं धूर कमी हुतो व्हय?" चुलता म्हणाला. धूर किती कमी झालाय ते दाखवायला तिनं पांढरं फडकं शोधलं, पण तिथली सगळी फडकी ऑइलनं काळी झालेली. तेव्हा चारचौघांत कधी न उतरणारी पांढरी टोपी वडिलांनी काढली आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरली. "मार किक," ते लेकीला म्हणाले. गाडी बराच वेळ तडतडत राहिली. टोपीवर फिकट कडं उमटलं. "डाग पडला की, दादा," चुलता हसला. वडिलांनी डाग कपाळावर येईल अशी टोपी घातली. "व्हय, पडला. आता तुझी काढ, अन् तुझ्या गाडीला धर." चुलत्याचा हात कडक इस्त्रीच्या टोपीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला.