हामसीनाकाकीचं घर निघालं

जुम्म्याची नमाज आटोपली आणि मशिदीतून पुरुषमंडळी बाहेर पडली. निम्मे उजवीकडे वळून हामसीनाकाकीच्या घराकडे निघाले, निम्मे डावीकडे कॉफीच्या टपरीवर जाऊन बसले. गावप्रमुखाची निवडणूक होऊन पीकसुद्धा हाती आलं होतं, पण निवडणुकीत फुटलेलं गाव अजून दोन ठिकाणीच बसत होतं.

काकी खिडकीतून बघत होती. आज तिचं घर उचलायचं होतं. खांबांवर उभं असलेलं आख्खं लाकडी घर, खाली आडवे बांबू बांधून, माणसांच्या खांद्यावरून ओढ्यापलीकडच्या जागेवर न्यायचं. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर, बुगिस लोकांच्या या मुलखात घरं अशीच जागा बदलतात.

उद्या सकाळी रस्ता रुंद करायला यंत्र येणार होतं. सरकारी माणूस म्हणाला होता, घर मोडा, भरपाई घ्या, विटांचं बांधा. काकीनं त्याला कॉफी पाजून वाटेला लावलं. घर मोडायचं म्हणजे मधला खांब उपटायचा, आणि त्या खांबाला तर घराची बेंबी म्हणतात. तो धरून काकीनं आपली सगळी पोरं जन्माला घातली होती. तिच्या नवऱ्यानं शेवटचा श्वास त्याच खांबाला टेकून सोडला होता. तो खांब हलला तर घरासकट हलेल, नाहीतर नाही.

शेजारची रोसमी धापा टाकत जिना चढून आली. "काकी, निम्मीच माणसं आलीत गं! तुझी पोरं कामाला समुद्रापार कालिमंतानला, माझी निकेलच्या खाणीवर. उरलेसुरले साक्काच्या बाजूला बसलेत. जा की एकदा, माग त्याची माफी."

"कसली माफी?"

"भरबाजारात त्याला मापात पाप करणारा म्हणालीस त्याची! आता तो गावप्रमुख झालाय."

"मग आता तरी माप नीट धरेल." काकीनं चुलीवरचं झाकण काढलं. माशाचं कालवण रटरटत होतं. शेजारी भाताची भली मोठी परात.

"अगं बाई! एवढा भात कुणाला?"

"गावाला."

"निम्मं गाव तर येणारच नाही!"

"न येऊन जातंय कुठं," काकी म्हणाली आणि मिठाचा अंदाज घ्यायला तिनं कालवण तळहातावर घेतलं.

काकीचा पुतण्या बाद्दू जिन्याच्या पायरीवर उभा राहिला. आरोळी द्यायचं काम त्याचं. त्यानं हाक दिली, खालून हुंकार आला आणि घर कुरकुरत वर उठलं. मानेच्या शिरा फुगलेली, घामाघूम झालेली ती माणसं घर घेऊन गल्लीतून बाहेर पडली, मोठ्या रस्त्याला लागली. साक्काच्या भातगिरणीच्या फाटकासमोर आल्यावर बाद्दू ओरडला, "टेकवा!"

घर टेकलं, ते रस्त्याच्या ऐन मधोमध. कडेनं सायकलसुद्धा जाईना. फाटकाच्या आत साक्काचा मालट्रक तांदळाची पोती भरून मकास्सर बंदराला निघायच्या बेतात होता, तो तिथंच अडकला.

समोरच्या कॉफीच्या टपरीवरून साक्का धावत आला. "हे काय रे बाद्दू? इथं का ठेवलंत?"

"दम संपला, प्रमुखसाहेब. निम्म्या गावात बळ निम्मंच असतं."

काकी खिडकीत आली. हातात कॉफीचा पेला. बाई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. "साक्का, जागा बरी आहे रे. वारा छान येतोय. मी म्हणते इथंच राहावं."

"काकी, चेष्टा पुरे झाली! उद्या यंत्राबरोबर जिल्ह्याचे साहेब येणार आहेत. त्यांना काय सांगू मी?"

"सांग, गावात माणसं नाहीत."

साक्काचा चेहरा उतरला. टपरीवरचे लोक आपापल्या पेल्यात बघू लागले. काकीनं पेला खिडकीच्या फळीवर ठेवला. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

"पुरात तुझ्या बापाचं घर इथं आणलं, तेव्हा तू कडेवर होतास. मधल्या खांबाखाली माझा माणूस होता. तुझ्या बापाशी त्याचं बोलणंसुद्धा नव्हतं तेव्हा. तो काही टपरीवर बसला नाही."

 साक्कानं डोक्यावरची काळी टोपी काढून खिशात कोंबली, लुंगी वर खोचली आणि वाकून घराखाली शिरला. मधल्या खांबाशी जाऊन त्यानं बांबूला खांदा लावला. "आता बघत काय बसलात?" तो टपरीकडे ओरडला. टपरी रिकामी झाली. टपरीवालासुद्धा आला.

बाद्दूनं पुन्हा आरोळी दिली. या वेळी घर अलगद उठलं. आत काकी मधल्या खांबाला मिठी मारून उभी होती. खांबानं जमीन सोडलेली तिला हातात कळली. तिचे डोळे भरून आले, ते तिनं पुसले नाहीत.

"काकी, उतर की खाली!" साक्का खालून कण्हला. "तुझं वजन आणखी कशाला आम्हाला?"

"गुमान चाल! इतकी वर्षं मत देतेय, सरकारनं खांदा लावलेला आज पहिल्यांदा बघतेय. पोचेपर्यंत मी काही उतरायची नाही."

खाली आधी बाद्दू हसला, मग टपरीवाले, मग साक्कालाही राहवेना. त्यांच्या हसण्यानं घर असं गदगदलं, की काकीनं खांब आणखी घट्ट धरला.