तोंड फिरवा

कार्लोवो गावातल्या आमच्या वाचनालयातले संगणक लिनक्स प्रणालीवर चालतात आणि ते मी सांभाळते. सीडी उघडायला दरवेळी माझाच पासवर्ड लागायचा. निवृत्त शिक्षिका रादोस्वेताबाई रोज शाळेच्या जुन्या फोटोंची सीडी घेऊन यायच्या.

"बाई, तोंड फिरवा. पासवर्ड टाकतेय," मी सगळ्यांदेखत सांगायचे.

"फिरवलं गं, झ्लातिना. टाक तुझा मंत्र!" हसत त्या भिंतीकडे वळायच्या.

सहा वर्षं मी "दुसरा इलाज नाही" म्हणत राहिले. काल संगणकाच्या सेटिंगमधली एकच ओळ बदलली आणि सगळ्यांना पासवर्डशिवाय सीडी उघडायची परवानगी मिळाली.

"बाई, आता तुमची तुम्हीच उघडा. माझी गरज नाही."

"खरंच? शहाणी गं माझी पोर!" म्हणत त्यांनी सीडी आत सरकवली.

 

आणि शाळेत मला एकदाही कोपऱ्यात उभं न करणाऱ्या माझ्या बाई सवयीने भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.